मामांचं सोंग

वैशाख लागला की जव्हारच्या पठारावर चारी बाजूंनी धूर चढून येतो. खाली खोऱ्यांत राब भाजत असतात. शेण, पालापाचोळा, ऐनाच्या छाटलेल्या फांद्या, वरून मातीचा पातळ थर आणि मग एका कडेनं काडी. रोपांची जागा अशी भाजून घेतल्याशिवाय भात आणि नागली जोमानं वर येत नाही, असं आमच्या डोंगरातलं प्रत्येक घर मानतं. तो धूर वाळत टाकलेल्या लुगड्यांत बसतो, पाण्याच्या हंड्याला लागतो, आणि पेन्शनीत निघालेल्या माझ्यासारख्या मास्तरणीला घरात स्वस्थ बसू देत नाही. या दिवसांत लोकांना आंबे आठवतात, करवंदं आठवतात. मला एक चेहरा आठवतो, कागदाच्या लगद्याचा.

काल बाजारात भाजी घेत होते. निवडणूक आली आहे, त्यामुळे भोंगा लावलेली जीप सारखी फिरते. भोंग्यातला मुलगा घसा फोडून सांगत होता, की अमक्याला घरी बसवा म्हणजे सगळं सुरळीत होईल. अमक्याचं नाव, त्याचं गाव, त्याचा बंगला, सगळं सांगून झालं. तो ज्या पक्षाचा, त्या पक्षाबद्दल अवाक्षर नाही. मी हातातली भेंडी तशीच धरून उभी राहिले. भाजीवाली म्हणाली, बाई, ऊन लागलं का? तिला काय सांगणार, की माणसाशी भांडायचं की त्याच्या पक्षाशी, या एका प्रश्नावर एका उन्हाळ्यात माझं माहेर पणाला लागलं होतं.

माझं माहेर म्हणजे मामा. आईवडील मी लहान असतानाच गेले. मामांनी मला जव्हारात आणलं आणि स्वतःच्या मुलींत चौथी म्हणून वाढवलं. मामी कडक, पण वाढताना हात आखडता घ्यायची नाही. मामा संस्थानात कारकून होते. डोक्याला फेटा, नाकाच्या डाव्या बाजूला ठसठशीत चामखीळ, आणि मिशा अशा की पाणी पिताना त्या आधी प्यायच्या. लोक त्यांना तात्या म्हणत. सकाळी ओटीवर माणसं बसलेली असायची, कोणाचं जंगलातलं लाकूड अडलेलं, कोणाची शेताची हद्द. मामा ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बघू.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी शाळेत होते. राज्य गेलं म्हणजे नेमकं काय गेलं, हे आम्हा मुलींना कळेना, कारण दुसऱ्या दिवशी शाळा होतीच. बदल दिसला तो घरात. मामांनी फेटा खुंटीला लावला. काही दिवस बोडक्या डोक्यानं वावरले, आणि मग एका सकाळी पांढरी टोपी घालून ओटीवर आले. मामी म्हणाली, तुम्हाला फेटाच बरा दिसायचा. मामा म्हणाले, दिसायचं काय घेऊन बसलीस. ओटीवर माणसं तीच, गाऱ्हाणी तीच, आणि मामा त्याच सुरात म्हणत होते, बघू.

त्या टोपीचा मी पुढं फार विचार केला. संस्थानात राज्य म्हणजे एक माणूस होता. तो भला असला तर दिवस भले, त्याचा कारभारी वाईट असला तर दिवस वाईट. रागवायचं कोणावर हे प्रत्येकाला ठाऊक होतं, फक्त रागवायची सोय नव्हती. मग सोय आली, मत आलं, पण राग धरायची सवय जुनीच राहिली. आमच्या माणसांना राज्यकर्ता म्हटलं की एक तोंड लागायचं. नव्या राज्यानं मामांचं तोंड पुढं केलं.

टोपीवाल्या पक्षाकडून मामा तालुक्याच्या बोर्डाचे अध्यक्ष झाले. रस्ते, विहिरी, शाळा, सगळं बोर्डाच्या हातात. मी मास्तरणीची परीक्षा दिली आणि नोकरीला लागले, तीही बोर्डाच्याच शाळेत. मामांनीच माझं लग्न ठरवलं. खोडाळ्याच्या पुढचं गाव, शेतीवाडीचं घर, मुलगा शिकलेला आणि निर्व्यसनी. मामा मला म्हणाले होते, पोरगा सरळ आहे, तोंडावर बोलतो. पुढं याच गुणानं मामांचं काय केलं ते सांगायलाच मी बसले आहे.

आमच्याकडे सासुरवाशीण आपण होऊन माहेरी जात नाही. माहेराहून न्यायला माणूस यावा लागतो, त्याला मुराळी म्हणतात. दिवाळीला यायचा, आणि आवणी, म्हणजे भाताची लावणी, उरकली की श्रावणात यायचा. मामांचा गडी बैलगाडी घेऊन दारात उभा राहिला की माझ्या पायांत वारं शिरायचं. सासूबाई मुद्दाम म्हणायच्या, एवढी घाई, आम्ही उपाशी ठेवतो का? गडी हसायचा, मी लाजायचे आणि पिशवी आधीच भरलेली असायची. मुराळी येतो आहे तोवर माहेर आहे, असा साधा हिशेब होता.

भांडण विहिरीवरून सुरू झालं. आमच्या गावाच्या वर डोंगराच्या कुशीत एक पाडा आहे. तिथल्या बाया पाण्यासाठी आमच्या ओढ्यापर्यंत उतरायच्या, आणि उन्हाळ्यात ओढाही आटायचा. बोर्डानं पाड्यावर विहीर धरली. थोडं खणून झालं आणि खडक लागला. सुरुंग हवे होते. सुरुंग आले ते विहिरीला लागलेच नाहीत, ते जंगलातल्या लाकडाच्या ठेकेदाराचा रस्ता फोडायला गेले. तसं करा असं पक्षाच्या वरच्या मंडळींनी सांगितलं, आणि मामा गप्प राहिले. अर्धी विहीर तशीच उघडी पडली. त्यात पहिल्या पावसाचं गढूळ पाणी साचलं आणि एक म्हैस पडून मेली.

आमचे हे तेव्हापासून बदलले. यांचं नाव केशव, पण मी नाव कधी घेतलं नाही, आता लिहितानाही हात अडखळतो. म्हैस बाहेर काढायला दोरी लावणाऱ्यांत हे होते. घरी आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, तुझ्या मामांच्या पक्षाविरुद्ध मी उभा राहणार. पक्षाविरुद्ध म्हणाले होते, हे मी नीट लक्षात ठेवलं. बोर्डाची निवडणूक पुढच्या ज्येष्ठात यायची होती.

मग आमच्या ओटीवर बैठका सुरू झाल्या, आणि माझी चारी बाजूंनी कोंडी झाली. नोकरी बोर्डाची, बोर्ड मामांचं. घर यांचं, आणि ओटीवर मामांच्या विरोधात खलबतं. त्या खलबतांना लागणारा चहा मी करायचा. साखर कोणाला किती हे मला पाठ झालं होतं. मामांना पाडायला निघालेल्या माणसांना चहा गोड लागावा याची काळजी मी घेत होते, आता काय म्हणावं? उन्हं तापायची, कुडाच्या भिंतीतून धूर यायचा, आणि मी आतल्या खोलीत पाटीवर मुलांची गणितं तपासत बाहेरचा शब्दन् शब्द ऐकायचे.

बैठकीचा खरा म्होरक्या जव्हारचे वकील. विलीनीकरणानंतर बाहेरून आले होते, बोलण्यात वाकबगार, माणूस काही वाईट नव्हता. त्यांचं म्हणणं असं, की पक्ष हा शब्द या डोंगरात चालणार नाही. पक्षाला तोंड नाही आणि पाठ नाही, तर मारायचं कुठं? शिवाय पक्षाला जबाबदार धरलं की कोणीच जबाबदार राहत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून सुटतो. गप्प कोण राहिलं? तात्या राहिले. मग तात्यांनाच धरा. आमच्या यांना ते आधी मान्य नव्हतं. हे म्हणायचे, तात्या उद्या नसले तर त्या खुर्चीत दुसरा बसेल, सुरुंग तरीही ठेकेदाराकडेच जातील.

यांनी आपल्या परीनं प्रयत्न करून पाहिला. पाड्यावर जाऊन पक्ष म्हणजे काय ते समजावलं. सगळं ऐकून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "त्यो पक्ष कुठला रं? जव्हारचा का मोखाड्याचा?" हे परत आले तेव्हा हसत होते, पण खचलेही होते. दुसऱ्या दिवशी वकिलांनी त्याच पाड्यावर तात्यांचं नाव घेतलं, तशी झोपलेली माणसं उठून बसली. पोट तिडकीनं दुखत असेल तर माणसाला दुखरी जागा दाखवता आली पाहिजे, असं वकील म्हणाले. त्या दिवसापासून हेही तात्या तात्या करू लागले.

एका बैठकीत मला राहवलं नाही. मी कपबशा उचलायला आले होते, ती दारातच थांबले.

"मामांचं नाव घेऊ नका," मी म्हणाले. "पक्षाशी भांडा. मामांना पाडलंत तर पक्षवाले दुसऱ्याला उभं करतील, आणि तुमच्याजवळ बोलायला काही उरणार नाही."

वकील समजूतदारपणे हसले. "वहिनी, माहेरची माया आम्हाला कळते," ते म्हणाले.

झालं. माझ्या म्हणण्यातला विचार त्या एका वाक्यात वाहून गेला. मी कपबशा घेऊन आत आले आणि चुलीपुढं बसून राहिले. राग वकिलांचा आला, यांचा आला, पण सगळ्यात जास्त राग या गोष्टीचा आला, की वकील खोटं बोलले नव्हते. मी बोलले ते मला पटलेलं होतं, आणि मामांसाठीही बोलले होते. दोन्ही एकाच तोंडातून आलं. त्यातलं विचाराचं किती आणि मायेचं किती, हे मला त्या दिवशी वेगळं करता आलं नाही आणि आज इतक्या वर्षांनीही येत नाही. माणसाचं मत बरोबर असू शकतं आणि तरी त्याला ते मांडायची जागा नसते, हे मी त्या चुलीपुढं शिकले. भाकरी त्या दिवशी करपली.

बोहाडा ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवं. शिमगा सरला की आमच्याकडे गावोगाव देवीचा बोहाडा होतो. गणपती, सारजा, नरसिंह, रावण, देवादिकांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून माणसं रात्रभर संबळ-पिपाणीवर नाचत गावातून देवळापर्यंत येतात. त्या मुखवट्याला आणि तो घालून नाचणाऱ्याला, दोघांनाही सोंगच म्हणतात. प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. बापानं नाचवलेलं मुलानं नाचवायचं. निघण्याआधी घरची सवाशीण सोंगाला कुंकू लावते, ओवाळते, आणि मग ते सोंग राहत नाही, देव होतो. राक्षस असला तरी देवच. वाटेत उभी माणसं प्रत्येक सोंगाला हात जोडतात.

त्या वर्षी बोहाड्यात एक नवं सोंग आणायचं, ही कल्पना वकिलांची. राक्षसाचंच, पण तोंड तात्यांचं. तालुका हसला की तालुका आपला, असं त्यांचं गणित. लहानू नावाचा कारागीर आमच्या गावात मुखवटे करायचा. कागदाचा लगदा, खळ, चिंचोक्याचा चीक, त्यावर रंग. त्याला सांगितलं आणि त्यानं इमानानं काम केलं. मिशा, चामखीळ, कपाळावरची आठी, आणि मुकुटाच्या जागी पांढरी टोपी. सोंग आमच्याच ओटीवर वाळत होतं. मी शाळेतून यायचे तेव्हा मामा खांबाला टेकून माझ्याकडे बघत असायचे. पहिल्या दिवशी तर मी डोक्यावरचा पदर सावरला.

शेवटच्या, मोठ्या बोहाड्याच्या रात्री, उजाडता उजाडता आमचं सोंग निघायचं होतं. अंगणात शेजारीपाजारी जमले. यांनी सोंग डोक्यावर चढवायला घेतलं, तोच सासूबाई आतून ओरडल्या, की बिनओवाळलेलं सोंग या घरातून बाहेर पडणार नाही. यांनी माझ्याकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं. ही चेष्टा आहे, पूजा नको, असं चार माणसांदेखत कोण म्हणणार? वकिलांना तर त्यात काही वावगंच वाटलं नाही, ते म्हणाले, ओवाळा की वहिनी, त्यानं रंग भरेल. सासूबाईंनी ताट माझ्या हातात दिलं. मी माझ्या मामांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. अंगणातली पोरं खुदखुदत होती.

देवळासमोर मांडव होता. मांडवात मानाच्या खुर्चीवर मामा बसले होते. अध्यक्ष म्हणून ते दर वर्षी यायचे. रात्रभर जागून डोळे लाल झालेले, पण ताठ. एकेक सोंग पुढून जात होतं आणि मामा प्रत्येकाला हात जोडत होते. मग यांच्या डोक्यावरचं सोंग आलं. संबळ वाजत होता, हे मामांसारखी मान हलवत, हात वर करून बघू बघू म्हणत नाचले. मांडव हसून लोटपोट झाला. मामांनी पाहिलं. त्यांना कळायला एक क्षण लागला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आणि मग त्यांनी हात जोडले, जसे आधीच्या सोंगांना जोडले होते तसेच. लोक आणखी हसले. मामा स्वतःलाच नमस्कार करतायत म्हणून बायासुद्धा पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी बायांच्या घोळक्यात होते. मला तिथून निघून जायचं होतं आणि गर्दीत हलायला जागा नव्हती.

तालुका खरोखरच हसला. बाजारात, शेतात, राबाच्या धुरात माणसं बघू बघू म्हणून एकमेकांना टाळ्या देऊ लागली. पक्षाच्या कानांवर ते हसू गेलं, आणि पक्षानं मामांना बाजूला केलं. त्यांच्या जागी उमेदवार दिला लाकडाच्या ठेकेदाराचा पुतण्या. गोरागोमटा, नम्र, चामखीळ नसलेला. तो पाड्यावर गेला आणि म्हणाला, विहिरीचं जे झालं ते तात्यांनी केलं, आम्ही त्यांना काढून टाकलं, आता मी विहीर पुरी करतो. आमच्या मंडळींनी महिनाभर जे जे सांगितलं होतं, त्याच शब्दांनी त्यानं आपल्या पक्षाचे हात स्वच्छ धुऊन घेतले.

हे धावपळ करून गावोगाव सांगत सुटले, की माणूस बदलला पण पक्ष तोच आहे, सुरुंग या पुतण्याच्याच काकानं पळवले. लोक ऐकायचे, पण त्यांचा चेहरा कोरा. तुम्हीच म्हणत होता ना, तात्या वाईट? गेले की तात्या. आता कोणावर रागावताय? ज्येष्ठात मतं पडली आणि पुतण्या निवडून आला. वकील त्यानंतर आमच्या ओटीवर फारसे आले नाहीत. त्यांची वकिली चांगली चालली होती.

मी म्हटलं तसंच झालं. बरोबर ठरण्यात काही सुख असतं असं म्हणतात, मला ते मिळालं नाही. हे जेवताना मान वर करीत नसत. मीही एका शब्दानं टोचलं नाही, आणि माझं ते गप्प बसणंच यांना जास्त लागायचं. शाळा सुरू झाल्यावर माझी बदली झाली, सूर्यमाळच्या बाजूला, आठवड्यातून एकदा घरी येता येईल इतक्या आडवाटेला. मामा खुर्चीत असताना, भाचीचा नवरा त्यांच्या नावानं शंख करीत असतानाही, माझ्या बदलीचं नाव कोणी काढलं नव्हतं. आता आपला म्हणावा असा तिथं कोणी उरला नव्हता.

श्रावण आला. आवणी उरकली. मी दारात बसून तांदूळ निवडत होते आणि कान रस्त्याकडे होते. गाडी आली नाही. दिवाळीला सासूबाईंनी न विचारता चकलीची भाजणी करायला घेतली, म्हणजे सून यंदा इथंच आहे हे त्यांनी गृहीत धरलं होतं. मामीनं कोणाकडून तरी निरोप धाडला होता, की ज्या घरात आमच्या माणसाचं सोंग नाचतं त्या घराशी आमचा संबंध नाही. मामांच्या मुलींची लग्नं झाली, मला अक्षत आली नाही. जव्हार काही लांब नव्हतं, एसटी सुरू झाली होती, तिकीट काढून तासाभरात जाता आलं असतं. पण मुराळ्यावाचून कोणत्या तोंडानं जायचं? रस्ता मोकळा असून मला जाता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी शिमगा सरला तसा हे म्हणाले, की ते सोंग ओढ्यात सोडून देतो. सासूबाई हादरल्या. गावातली जाणती माणसं आली. लहानू त्यांच्यात होता, त्यानं ते स्वतःच्या हातानं घडवलेलं, पण तोही मान हलवू लागला. "पूजला म्हंजी देव झाला, बाय," तो मला म्हणाला, जणू मीच हट्ट धरला होता. "आता त्यो तुमच्या घरचा. दर सालाला नाचवायचा." नाही नाचवला आणि पाऊस लांबला, तर दोष आमच्या घराला लागला असता. दुसरं घर आपण होऊन मागत असेल तर तेवढं एक सोडवणुकीचं दार होतं. पण ते सोंग कोण मागणार?

म्हणून यांनी तात्यांना पाडायला आणलेलं सोंग यांनाच दर वर्षी डोक्यावर घ्यावं लागलं. दुसऱ्या वर्षी कोणी हसलं नाही. हसण्यासारखं उरलं काय होतं? लोक मुकाट्यानं हात जोडत होते. मांडवात मानाच्या खुर्चीवर ठेकेदाराचा पुतण्या बसला होता, तोही भक्तिभावानं हात जोडत होता. हे बघू बघू न म्हणता नुसते नाचले. आज ते सोंग माझा पुतण्या नाचवतो. मुलं त्याला टोपीचा राक्षस म्हणतात. तो कोणता राक्षस, कोणी मारला, असं एकदा शाळेतल्या नव्या मास्तरांनी विचारलं, तेव्हा कोणालाच सांगता आलं नाही. पक्ष मात्र कोणाला सांगावा लागत नाही, तो आहेच.

मी यांच्याशी पुढं या विषयावर पुष्कळ बोलले, म्हातारपणी. हे म्हणायचे, वकील अगदीच चुकले नव्हते. माणसाला सोडून नुसत्या पक्षाला बोलत राहिलं तर सही करणारे आणि गप्प बसणारे सगळे मोकळे सुटतात. आणि माणसालाच धरून बसलं तर बाकीचे त्याला पुढं ढकलून आपण सुटतात. मग करायचं काय, मी विचारायचे. हे म्हणायचे, दोघांनाही सोडायचं नाही, पण त्याला फार दम लागतो आणि उन्हाळा लहान असतो. एवढं बोलून हे अंगणात जायचे.

मामा आले ते तिसऱ्या वर्षी. बोहाडा आदल्या रात्री झाला होता. दुपारची वेळ, अख्खं गाव जागरणानं झोपलेलं, सासूबाई आत पडलेल्या, हे ओटीवर उताणे. मी सोंग पुसून जुन्या लुगड्यात गुंडाळत होते, माळ्यावर ठेवायला. अंगणात चपलांचा आवाज झाला. मान वर केली तर मामा. टोपी नव्हती. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि अंगातला सदरा खांद्यावर लोंबत होता. मी धडपडून उठले, यांना हाक मारणार तोच मामांनी हातानं थांबवलं.

"झोपू दे," ते हलकेच म्हणाले. "रात्रभर मला डोक्यावर घेऊन नाचलाय तो."

मी पाणी दिलं, गूळ दिला. ते जोत्यावर टेकले. मामांनी पाड्यावरच्या विहिरीचं विचारलं. मी म्हटलं, तशीच आहे, भोवती काटेरी कुंपण घातलं आहे.

"केशव चुकला नव्हता, इंदे," ते म्हणाले. "मी बोलायला हवं होतं. पण मी एकटा नव्हतो."

मग त्यांनी लुगड्याकडे बोट केलं. मी ते उलगडलं. मामांनी आपलं तोंड मांडीवर घेतलं आणि पाहत राहिले. चामखिळीवरून त्यांनी बोट फिरवलं, कपाळावरचं माझं कुंकू बोटाला लागलं ते धोतराला पुसलं नाही. ते म्हणाले, हे मी घेऊन जातो. दुसऱ्या घरानं मागितलं तर देता येतं ना तुमच्यात, मग मी मागतोय. साखरशेतला आपली जमीन आहे, तिथल्या बोहाड्यात मी नाचवीन माझा मी. तुझी सुटका होईल.

मुराळी येतो तो लेकीला न्यायला. मामा इतक्या उन्हातून आले ते सोंगाला न्यायला आले होते. इतके दिवस ज्यातून सुटायचं होतं ते दार समोर उघडं होतं आणि मला एक शब्द बोलायचा होता. मी सोंग त्यांच्या मांडीवरून उचललं आणि छातीशी धरलं.

"नका नेऊ, मामा," मी म्हणाले. "वर्षातून एकदा दिसता, तेही जाईल."

मामांनी गुळाचा उरलेला खडा तोंडात टाकला, पाणी प्यायले, पूर्वीसारखे मिशांना आधी पाजून. उठले. अंगणात जाऊन चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, की मामीनं विचारलं तर शेतावर गेलो होतो म्हणून सांगेन, तूही कोणाला बोलू नकोस. मी मान हलवली. ते एसटीच्या रस्त्याला लागले. मागं वळून त्यांनी ये म्हटलं नाही, आणि मलाही या म्हणता आलं नाही.

सोंग माळ्यावर ठेवताना त्याला निरोप द्यायची आमच्याकडे रीत आहे. मी शिडीवर चढले, गाठोडं आत सरकवलं, आणि हे जागे होऊ नयेत म्हणून अगदी हळू म्हणाले, पुढल्या सालाला या.